इंजिनाच्या ब्लॉकला गेलेला बारीक तडा : दुरुस्ती करावी की ब्लॉकच बदलावा?

जुनी_पद्मिनी

सर्वांना नमस्कार. वडिलांनी १९९४ साली घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी मुलुंडच्या घरी अजून चालू स्थितीत आहे आणि तिची पुनर्नोंदणीही वेळच्या वेळी केलेली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून रेडिएटरमधले पाणी थोडे थोडे कमी होत आहे. होजपाइप, वॉटर पंप आणि रेडिएटर तपासून झाले, तिथे काही सापडले नाही. मात्र ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, बाजूच्या भिंतीवर, वेल्च प्लगच्या (भिंतीतले भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोपीच्या) खाली दोन बोटे अंतरावर, गंजाचा तांबूस ओघळ दिसतो आणि इंजिन तापल्यावर तिथे कागद टेकवला की तो ओला होतो.

गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेव्हा मालकांनी बॉनेट उघडून मिनिटभर पाहिले आणि ब्लॉकला तडा गेला आहे, दुसरा ब्लॉक बसवावा लागेल, असे सांगितले. पद्मिनीचा नवा ब्लॉक आता मिळत नाही. मिळेल तो कुठल्या तरी मोडीत काढलेल्या गाडीचा असणार आणि त्याचे आयुष्य किती उरले आहे हे कोण सांगणार? शिवाय इंजिनाचा नंबर याच ब्लॉकवर आहे, आणि वडिलांनी ज्या इंजिनावर आम्हाला कोकणात नेले तेच इंजिन गाडीत राहावे, ही इच्छाही आहे.

माझा प्रश्न असा की, एवढ्या लहान तड्याची टिकाऊ दुरुस्ती होते का आणि होत असेल तर कोणत्या पद्धतीने? वेल्डिंग, ब्रेझिंग, इपॉक्सी, रेडिएटरमध्ये ओतायचे औषध, असे प्रत्येक जण वेगळे काहीतरी सुचवतो. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आटेवाला

ओघळ किती लांबीचा आहे आणि तेलात पाणी उतरते आहे का, या दोन गोष्टी आधी सांगा. त्याशिवाय कोणताही सल्ला अंदाजाने दिल्यासारखा होईल.

जुनी_पद्मिनी

@आटेवाला, ओघळ जिथून सुरू होतो ती रेघ साधारण चार सेंटिमीटर आहे. तेलाची कांडी काढून पाहिली, तेल स्वच्छ आहे. तेल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय जमलेली नाही. रेडिएटरचे झाकण उघडून इंजिन चालू केले, तर पाण्यात बुडबुडेही येत नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

गोरेगावचा_गॅरेजवाला

मी स्वतः गॅरेज चालवतो, म्हणून आधी व्यवसायाच्या बाजूने एक गोष्ट लिहितो. ब्लॉक बदलायला सांगणारा प्रत्येक मिस्त्री लबाड नसतो. दुरुस्त केलेला तडा चार महिन्यांनी पुन्हा झिरपू लागला, तर गिऱ्हाईक आमच्याच दारात येते आणि दोष आमच्याच कामाला देते, त्यामुळे पुष्कळ जण ही जोखीम घेत नाहीत. तरीही एका मिनिटात निकाल देणे मला पटलेले नाही.

तडा गेला आहे असे मानण्याआधी वेल्च प्लग काढून पाहा. ब्लॉक ओतताना आतली पाण्याची पोकळी वाळूच्या गाभ्याने घडवतात, आणि तो गाभा धरून ठेवण्यासाठी व नंतर वाळू बाहेर काढण्यासाठी भिंतीत जी भोके राहतात, ती पत्र्याच्या या टोप्यांनी बंद केलेली असतात. थंड देशांत पाणी गोठून फुगले तर ही टोपी निसटून ब्लॉक वाचेल असे अनेक जण सांगतात, पण टोपी त्यासाठी बसवलेली नसते आणि कित्येकदा ती जागची हलण्याआधीच ब्लॉक तडकतो. आपल्या मुंबईत पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, आपल्याकडे या टोप्या आतून गंजतात. टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले की पाणी टोपीच्या कडेवरून खाली ओघळते, ब्लॉकवर सुकते आणि तांबूस रेघ उमटते. ती रेघ हुबेहूब तड्यासारखी दिसते. माझ्याकडे ब्लॉकला तडा म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या नवीन वेल्च प्लग बसवूनच परत गेल्या आहेत.

शंकासूर

मला मूळ प्रश्नच तपासून पाहावासा वाटतो. तीस वर्षांच्या गाडीच्या ब्लॉकवर एवढा खर्च आणि एवढे कष्ट कशासाठी करायचे? पुढच्या पुनर्नोंदणीच्या वेळी फिटनेसची तपासणी होईल, पर्यावरण कर भरावा लागेल, आणि तोवर दुसरे काही तरी निघेल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने सुटे भाग विकणाऱ्यांची रांग आहे. तिथून एखादा चांगला ब्लॉक आणून बसवणे अधिक शहाणपणाचे नाही का?

कुर्ला_पश्चिम

@शंकासूर, मी त्याच भागात राहतो, म्हणून सांगतो. पद्मिनी ज्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे, तो आमच्या कुर्ल्यातच होता. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. जोवर टॅक्सी मोडीत निघत होत्या तोवर बाजारात ब्लॉक येत राहिले, आता ते दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.

आणि जे मिळतात ते बहुतेक टॅक्सीचेच. टॅक्सीचे इंजिन दोन पाळ्यांत चालायचे. सिलिंडर घासला की बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून, मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे, पुन्हा घासला की पुन्हा बोअर करायचा. असा शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेला ब्लॉक घेतला, तर त्याला लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी, घालण्यावाचून गत्यंतर नसते. खासगी वापरातला, मूळ मापाचा, एका जागी झिरपणारा ब्लॉक मला त्यापेक्षा केव्हाही सरस वाटतो.

कागदोपत्री

नंबरचा मुद्दा धागाकर्त्यांनी सहज लिहिला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर चासी नंबर आणि इंजिन नंबर असे दोन्ही असतात. ब्लॉक बदलला म्हणजे इंजिन नंबर बदलला, आणि तो बदल आरटीओत कळवून प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. दुसरा ब्लॉक कोणत्या गाडीचा होता, ती गाडी रीतसर मोडीत निघाली का आणि विकणाऱ्याकडे पावती आहे का, हे सगळे विचारले जाते. पावतीशिवाय ब्लॉक घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो, कारण चोरीच्या गाडीचा नंबर आपल्या गाडीत येऊन बसला तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

धातुकण

मी धातुशास्त्र शिकवते. या धाग्यात तड्याच्या लांबीची चौकशी झाली, ती योग्यच आहे, पण माझ्या मते लांबीपेक्षा जागा महत्त्वाची आहे. त्याच ब्लॉकमधला चार सेंटिमीटरचा तडा एका ठिकाणी सहज दुरुस्त होतो, आणि दुसऱ्या ठिकाणी एक सेंटिमीटरचा असला तरी ब्लॉक टाकून द्यावा लागतो.

बाहेरच्या भिंतीमागे फक्त थंड करणारे पाणी असते. रेडिएटरचे झाकण साधारण एक बारच्या आसपास दाब राखते, म्हणजे त्या तड्यावर येणारा ताण फारच कमी असतो. तेलाच्या मार्गात तीन-चार बार दाब असतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते त्या क्षणी दाब चाळीस-पन्नास बारपर्यंत जातो आणि तो मिनिटाला हजारो वेळा येतो व जातो. तडा सिलिंडरच्या भिंतीत असेल तर भोक मोठे करून लायनर बसवता येतो. दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर, हेड (सिलिंडरवरचे झाकण) बसते त्या पृष्ठभागावर असेल, तर काम अवघड असते. क्रँकशाफ्टचे मेन बेअरिंग ज्या भिंतींवर टेकतात त्या भिंतींना तडा असेल, तर दुरुस्तीचा विचारही करू नये. आपल्या गाडीचे तेल स्वच्छ आहे आणि बुडबुडे नाहीत, यावरून आपला तडा, तो खरोखर तडा असेल तर, पहिल्या प्रकारचा दिसतो.

आता वेल्डिंगविषयी लिहिते, कारण त्यातच सर्वांत जास्त नुकसान होताना पाहिले आहे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. बिडात अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड कंप शोषून घेते, दाबाखाली भक्कम राहते, पण ताणाला मात्र कच्चे असते. त्यावर साध्या रॉडने वेल्डिंग केले, तर वितळलेला भाग भोवतालच्या थंड लोखंडामुळे झपाट्याने निवतो, कार्बनला ग्रॅफाइट म्हणून वेगळे व्हायला वेळच मिळत नाही, आणि वेल्डच्या कडेला पांढऱ्या बिडाचा काचेसारखा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. निवताना वेल्ड आकसतो, तो ठिसूळ पट्टा ताण सोसू शकत नाही, आणि जुन्या तड्याच्या शेजारी नवा तडा जातो. वेल्ड पूर्ण झाल्यावर काही मिनिटांनी टिक असा आवाज येतो, तो त्याचाच.

गोरेगावचा_गॅरेजवाला

@धातुकण ताई, तुमचे म्हणणे साध्या रॉडपुरते बरोबर आहे. निकेलचा रॉड वापरून, एका वेळी फक्त इंचभर वेल्ड घालून, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकत, आणि हात टेकवता येईल इतके थंड झाल्यावरच पुढचा इंच घ्यायचा, अशा रीतीने केलेली कामे मी पाहिली आहेत आणि ती टिकली आहेत.

धातुकण

मान्य आहे. निकेलचा थर मऊ राहतो आणि ठोकल्यामुळे आकसण्याचा ताण कमी होतो, म्हणून ती पद्धत चालते. दुसरी पद्धत म्हणजे पूर्ण ब्लॉक भट्टीत पाचशे-सहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून वेल्ड करणे आणि मग कोरड्या वाळूत किंवा राखेत पुरून दिवसभर सावकाश निवू देणे. पण त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते, आणि एवढ्या उष्णतेनंतर सिलिंडरची गोलाई, हेडची बैठक आणि बेअरिंगची रेषा पुन्हा मशीनवर तपासावी लागते. चार सेंटिमीटरच्या झिरपणाऱ्या तड्यासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

माझगावचा_फिटर

गोदीत चौतीस वर्षे फिटर म्हणून काम केले, आता निवृत्त आहे. जहाजाच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक तडकला तर तो उचलून भट्टीत कोण नेणार? तिथे आम्ही तडा शिवत असू. मेटल स्टिचिंग या नावाने ते काम ओळखले जाते. त्यात आगीचा संबंध येत नाही, म्हणून बिडाला त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही. कसे करतात ते नीट लिहितो, म्हणजे तुम्ही वर्कशॉपमध्ये गेल्यावर काम पाहून ओळखू शकाल.

सर्वांत आधी तड्याची दोन्ही टोके शोधायची. डोळ्याला दिसते त्याच्या पुढे तडा हमखास काही मिलिमीटर गेलेला असतो. प्रत्येक टोकाला बारीक ड्रिल मारून भोक पाडायचे, कारण तड्याचे टोक धारदार असते आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर एकवटतो. गोल भोकात तो ताण पसरतो आणि तडा तिथेच थांबतो. त्यानंतर भिंत पुरेशी जाड असेल तर तड्याला आडवी अशी भोकांची रांग पाडून त्यात निकेलमिश्र पोलादाची कुलपे ठोकून बसवायची. त्यांच्यामुळे तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात. मग तड्याच्या रेषेवर एक भोक पाडायचे, आटे पाडायचे, सीलंट लावून आट्यांची पिन घट्ट बसवायची आणि वरचा भाग कापून टाकायचा. पुढचे भोक असे पाडायचे की त्याने आधीच्या पिनेचा थोडा भाग खाल्ला पाहिजे. अशा एकमेकींत अडकलेल्या पिनांची माळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली की तडा उरतच नाही, त्याच्या जागी पिनांची भिंत उभी राहते. शेवटी सपाट घासून हलक्या हाताने ठोकायचे आणि दाबाखाली पाणी भरून पाहायचे.

घाईचा माणूस पिना अंतर ठेवून बसवतो. दोन पिनांच्या मध्ये तड्याची रेघ दिसली तर ते काम घेऊ नका.

पावसाळी_चालक

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात, ज्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मी कलिन्याहून घरी निघालो होतो. पाणी बंपरच्या वर आले आणि इंजिन बंद पडले. घाबरून मी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले होते, आणि हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. पुढच्या आठवड्यात एका मिस्त्रीने स्पार्क प्लग न काढताच गाडी ढकलून सुरू केली. इंजिन जेमतेम काही किलोमीटर चालले, मग तो वाकलेला रॉड तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. मुठीएवढी खिडकी पडली होती.

त्या ब्लॉकची दुरुस्ती झाली नाही, होण्यासारखीही नव्हती. साध्या विमा पॉलिसीत अशा नुकसानीचे पैसे सहसा मिळत नाहीत, इंजिनासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हे मला तेव्हा कळले. धाग्याचा विषय किरकोळ तड्याचा आहे हे मान्य आहे, पण पाण्यात बंद पडलेली गाडी कधीही स्टार्टर मारून सुरू करू नका, आधी स्पार्क प्लग काढून हाताने इंजिन फिरवा, हे लिहिल्यावाचून राहवले नाही. पावसाळा तोंडावर आहे.

नागदेवीची_फेरी

तिसरा मार्ग म्हणजे इपॉक्सी, आणि त्याची बाजू कोणी घेतलेली नाही, म्हणून मी घेतो. माझ्या गाडीच्या बिडाच्या ब्लॉकला, बाहेरच्याच भिंतीला, असाच तडा होता. नागदेवी स्ट्रीटवरून लोखंडाची भुकटी मिसळलेले, उष्णता सोसणारे दोन भागांचे इपॉक्सी आणले. पाणी पूर्ण काढले, रंग आणि गंज ग्राइंडरने घासून धातू चमकेपर्यंत साफ केला, तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर पाडली, थिनरने तीन वेळा पुसले आणि हेअर ड्रायरने कोरडे केले. मग लेप भरून चोवीस तास गाडीला हात लावला नाही. तीन वर्षे झाली, थेंब पडलेला नाही. नळाला लावतो ते घरगुती सील मात्र इथे लावू नका, ते इंजिनाच्या उष्णतेत सुटते.

धातुकण

@नागदेवीची_फेरी, आपण केलेली सफाई हेच आपल्या यशाचे कारण आहे. बहुतेकांचे काम तेलकट धातूवर लेप थापल्यामुळे सुटते. एवढेच सांगते की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवाल्यांनी हा अनुभव जसाच्या तसा घेऊ नये. मारुती झेनसारख्या गाड्यांचे इंजिन ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे लेपाचा सांधा रोजच्या तापण्या-निवण्याने लवकर थकतो. तिथे टिग वेल्डिंग जाणणारा चांगला कारागीर शोधावा.

आटेवाला

ॲल्युमिनियमचा विषय निघालाच आहे, तर ब्लॉकच्या आणखी एका किरकोळ दुखण्याविषयी लिहितो. हेडचा किंवा मॅनिफोल्डचा बोल्ट जास्त आवळला गेला की ॲल्युमिनियममधले आटे बोल्टला चिकटून बाहेर येतात. पुष्कळ जण तिथे मोठा बोल्ट ठोकून मोकळे होतात. त्याऐवजी हेलिकॉइल बसवावे. भोक थोडे मोठे करून खास टॅपने आटे पाडायचे, स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग आत फिरवून बसवायची आणि तिच्या तळाची जीभ तोडून बाहेर काढायची. मूळ मापाचाच बोल्ट त्यात बसतो, आणि स्टीलचे आटे मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त वेळा उघड-बंद सोसतात. ड्रिल काटकोनात धरण्यासाठी ठोकळा वापरा, नाही तर बोल्ट तिरका जाईल आणि हेड नीट बसणार नाही.

नवीन_सभासद

रेडिएटरमध्ये ओतायच्या औषधाने काम होत असेल, तर एवढी उघडझाप कशाला करायची?

माझगावचा_फिटर

@नवीन_सभासद, त्यातली बरीच औषधे म्हणजे सोडियम सिलिकेटचे द्रावण असते. तापलेल्या तड्यातून ते झिरपले की त्यातले पाणी उडून जाते आणि काचेसारखा थर मागे राहतो. लांबच्या प्रवासात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरते ते उपयोगी पडते. पण ते फक्त तड्यातच बसेल अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. अमेरिकेत २००९ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या सरकारी योजनेत इंजिन कायमचे निकामी करण्यासाठी तेल काढून हेच द्रावण भरत आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवत. ज्या पदार्थाने इंजिन मारतात तो जपूनच वापरावा.

जुनी_पद्मिनी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी @गोरेगावचा_गॅरेजवाला यांनी सांगितल्याप्रमाणे वेल्च प्लग काढला. आतून तो चाळणी झाला होता. मागच्या पोकळीतून वाटीभर गंजाचा चिखल निघाला. सगळे धुऊन चारही प्लग नवे बसवले. पाणी कमी होण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, पण थांबले नाही.

म्हणजे तडाही आहे, असे वाटते. तो नक्की कुठवर गेला आहे हे घरच्या घरी पाहता येईल का?

माझगावचा_फिटर

येईल. जागा घासून स्वच्छ करा, तिच्यावर रॉकेल चोळा आणि पंधरा मिनिटांनी फडक्याने पूर्ण कोरडी पुसा. मग शाळेतला पांढरा खडू कुटून त्याची वस्त्रगाळ भुकटी तिथे चोपडा. तड्यात शिरलेले रॉकेल खडू ओढून घेतो आणि पांढऱ्यावर काळसर ओली रेघ उमटते. बाजारात याचसाठी लाल रंगाचे पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर असे स्प्रेचे डबे मिळतात, ते अधिक स्पष्ट दाखवतात. रॉकेल मिळाले नाही तर तेच आणा. इंजिन थंड असताना आणि बॅटरीची तार काढूनच हे करा.

शंकासूर

मी सुरुवातीला दुसरा ब्लॉक घ्यायला सांगितले होते. @कुर्ला_पश्चिम यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझे मत बदलले आहे. मात्र एक शंका उरते. बिडाची इतकी जाड भिंत आपोआप तडकत नाही. तिला तडा का गेला, हे शोधल्याशिवाय दुरुस्ती केली तर शेजारी दुसरा तडा जाणार नाही का?

जुनी_पद्मिनी

@शंकासूर, शंका रास्त आहे. याचे उत्तर मला आईकडून मिळाले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वडील जुन्या रस्त्याने पुण्याला जात असताना खंडाळ्याच्या घाटात इंजिन उकळले होते. त्यांनी थोडा वेळ थांबून झाकण उघडले आणि वाटेवरच्या धाब्यावरून आणलेले माठातले गार पाणी एकदम ओतले. त्यानंतर गाडी चालली, म्हणून कोणाच्या लक्षात राहिले नाही. शिवाय थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) कोणीतरी केव्हाच काढून टाकलेला आहे, आणि रेडिएटरमध्ये कायम सोसायटीच्या टँकरचे पाणी भरले जात होते.

गोरेगावचा_गॅरेजवाला

मग कारण सापडले. खूप तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की आतली बाजू एकदम आकसते, बाहेरची तशीच राहते, आणि गंजाने आधीच पातळ झालेली भिंत तडकते. इंजिन उकळले तर ते बंद करून अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये, आणि नंतर इंजिन चालू ठेवून कोमट पाणी थोडे थोडे घालावे.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहते आणि ते चांगलेच, हा आमच्याच व्यवसायातला जुना गैरसमज आहे. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, तोवर तेल दाट राहते आणि सिलिंडर लवकर घासतो. नवा थर्मोस्टॅट बसवा. पाण्याऐवजी इथिलिन ग्लायकॉलचे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरा. आपल्याकडे पाणी गोठू नये म्हणून कूलंट नको असले तरी गंज रोखण्यासाठी आणि उकळण्याचा बिंदू वाढवण्यासाठी हवे. एकच काळजी घ्या. कूलंट चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. सोसायटीच्या आवारात सांडले तर भरपूर पाण्याने धुऊन टाका, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

जुनी_पद्मिनी

पुढची हकिकत लिहायला दोन महिने लागले, त्याबद्दल क्षमस्व. रॉकेल आणि खडूची परीक्षा केली. चार सेंटिमीटर वाटलेला तडा प्रत्यक्षात साडेपाच निघाला, आणि त्याचे वरचे टोक वेल्च प्लगच्या भोकाच्या कडेपर्यंत गेलेले होते. म्हणजे प्लग आणि तडा या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकमेकींना लागून होत्या.

मेटल स्टिचिंग करणारे एक वर्कशॉप शोधून काढले. कारागिराने भिंतीची जाडी मोजली, ती कुलपे बसवण्याइतकी नव्हती, म्हणून फक्त पिनांची माळ घालायचे ठरले. इंजिन उतरवावे लागले नाही, बाजूचे भाग काढून जागा मोकळी केली. मी दिवसभर शेजारी उभा होतो. खालच्या टोकाला थांबवणारे भोक, मग एकामागून एक पिना, प्रत्येक पुढची पिन आधीचीचा घास घेत गेलेली. @माझगावचा_फिटर काकांनी लिहिले होते अगदी तसेच. वेल्च प्लगच्या कडेजवळ त्याला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिथे पिनेला धरायला एका बाजूने धातू कमी होता. ती कड नंतर गोल घासून मगच नवा प्लग सीलंट लावून बसवला. शेवटी हातपंपाने झाकणाच्या मापाचा दाब देऊन अर्धा तास ठेवला, काटा हलला नाही. सगळा खर्च गॅरेजने ब्लॉक बदलण्यासाठी सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आला.

माझगावचा_फिटर

कडेचे काम त्याने आधी केले की शेवटी? आणि त्यानंतर गाडी पूर्ण तापवून किती वेळा निवू दिली? थंड इंजिनावर दाब टिकला म्हणून मी निर्धास्त होत नाही.

जुनी_पद्मिनी

काका, कडेचे काम आधी केले आणि तिथून तो खालच्या भोकाकडे गेला. त्यानंतर गाडी रोज पूर्ण तापवून रात्रभर निवू दिली आहे, असे चाळीसहून अधिक दिवस झाले. गेल्या शनिवारी आईला घेऊन खंडाळ्याच्या घाटातून पुण्याला जाऊन आलो. घाट चढून वर गेल्यावर गाडी थांबवली आणि तापमानाच्या काट्याने पाऊण मर्यादा ओलांडली नव्हती हे आईला दाखवले. घरी आल्यावर, इंजिन रात्रभर निवल्यानंतर, झाकण काढून पाहिले. कूलंटची पातळी मी आत खुणेसाठी लावलेल्या रेघेवरच होती. पिनांच्या माळेवर पुन्हा खडूची भुकटी चोपडून ठेवली आहे, ती आज सकाळपर्यंत कोरडी आणि पांढरी आहे.

माझगावचा_फिटर

पाऊस संपला की एकदा परत चोपडून पाहा, आणि कसे दिसते ते इथेच लिहा.